वरच्या खिशातला फोन

माझा धाकटा भाऊ अमेरिकेला परत गेला, त्या दिवशी दुपारी बाबांना कपाटात शर्टांच्या घडीखाली एक खोकं सापडलं. आत मोबाइल फोन आणि वर भावाच्या अक्षरात चिठ्ठी: 'बाबा, हा तुमचा. यात इथलं सिमकार्ड घालून घ्या आणि नंबर ताईकडून मला कळवा. रविवारी सकाळी नऊला फोन करीन. तुमच्याशीच बोलायचं आहे.'

ते 'तुमच्याशीच' बाबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कारण भाऊ तीन आठवडे घरात होता आणि बापलेकात दोन वाक्यांचंही बोलणं झालं नव्हतं. सगळा कारभार आईमार्फत. 'त्याला सांग, पाणी तापलंय.' 'त्यांना विचार, गोळी घेतली का.' एकाच खोलीत, चार हातांवर बसून. मी शाळेत शिकवते. आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या कट्ट्या सोडवण्यात माझा दिवस जातो, आणि घरी आले की हे दोन मिशीवाले फुगून बसलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

भांडण तसं कधी झालंच नव्हतं. बाबा जन्मभर भिवंडीत लूमचे, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांचे मिस्तरी. दुसऱ्यांचे लूम दुरुस्त करता करता त्यांनी गावाशेजारी स्वतःची शेड घातली, आठ लूम बसवले. ते पोराने चालवावेत ही इच्छा. पोरगा कॉम्प्युटर शिकला आणि उडाला. तो गेल्यावर सहा महिन्यांत बाबांनी आठही लूम मालेगावच्या पार्टीला देऊन टाकले. का, ते कुणाला सांगितलं नाही. भावाने तिकडून घरच्या फोनवर विचारलं, 'मी गेलो म्हणून विकलेत ना?' बाबांनी काही न बोलता रिसिव्हर आईच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर चार वर्षं ते फोनवर आले नाहीत. भाऊही हट्टी, त्यानेही पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

तर आता हा फोन. आज मंगळवार, आणि रविवारी नऊला तो वाजायला हवा. बाबा उठले, शर्ट चढवला, म्हणाले, "बाय, चल. सिम घेऊ."

सिम मिळालं, पण चालू व्हायला शुक्रवार लागणार होता. नंबर मी त्याच दिवशी भावाला कळवला. शुक्रवारी आम्ही ते फोनमध्ये घातलं तर पडद्यावर इंग्रजीत काहीबाही आलं आणि फोन कसलासा आकडा मागायला लागला. मी माहितगारांना विचारलं तेव्हा कळलं, की अमेरिकेत ज्या कंपनीने फोन विकलाय तिने त्याला कुलूप घातलंय. दुसऱ्या कुणाचं सिम घातलं तर तो तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, ही कुठली पद्धत? म्हैस आम्ही विकत घ्यायची आणि दावं गवळ्याच्या हातात? मी भावालाच फोन लावायला निघाले, तर बाबांनी अडवलं. त्याने एवढ्या लांबून आणलाय, आणि पहिल्याच फटक्यात आपण त्याच्या वस्तूला नावं ठेवायची न्हाय, म्हणाले. मी मूग गिळून गप्प बसले. मला ते फार जड जातं.

एसटी स्टँडजवळ फोन दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ बसायचे. त्यांचे वडील उत्तरेकडून येऊन बाबांच्याच शेजारच्या शेडमध्ये लूम चालवायचे, त्यामुळे बाबा त्यांचे 'मिस्तरी चाचा'. त्यांनी फोनला वायर जोडली, कॉम्प्युटरवर काय काय केलं, आणि शनिवारी दुपारी या म्हणाले. शनिवारी गेलो तर कुलूप गेलेलं. बाबांचा चेहरा असा फुलला, की आई सोबत असती तर तिथेच शिरा शिजवायला बसली असती. पण पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या काड्या काही दिसेनात. दुकानाबाहेर आलो, नाहीत. रस्ता ओलांडला, नाहीत. बाबा म्हणाले, रेंज कमी असेल. मग काय, माझ्या स्कूटीवर मागे बसून फोन हातात उंच धरून बाबा, आणि आमची वरात पडघ्याच्या दिशेने. तिथे हायवेच्या कडेला मोठा टॉवर आहे. टॉवरच्या अगदी बुडाशी उभे राहिलो. ट्रकवाले बघून हसत होते. काडी म्हणून एक आली नाही.

परत त्या गृहस्थांकडे. त्यांनी भिंग डोळ्याला लावून फोनच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि फोन हळूच काउंटरवर ठेवला. म्हणाले, हा फक्त अमेरिकेच्या लहरी पकडतो, आपल्याकडच्या वेगळ्या आहेत. कुलूप असो की नसो, इथे हा बहिराच. बाबांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना माझ्या आधी समजली. बाहेरदेशाची मोटर साठ सायकलची, आपली वीज पन्नासची, हे त्यांनी शेडमध्ये पाहिलेलं. मोटर हळू फिरते, मग मिस्तरी पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, बदलतात आणि लूम हव्या त्या वेगाने चालतो. जगातलं कुठलंही यंत्र भिवंडीत आलं की चालतं, फक्त पुली बदलावी लागते, हा त्यांचा वेद.

"तो इसका पुली बदल दो," बाबा म्हणाले.

"चाचा, इसमें पुली नहीं होती."

घरी आल्यावर बाबा कुणी गेल्यासारखं तोंड करून ओट्यावर बसले, मांडीवर फोन.

रविवारी साडेआठला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि स्वतःचाच इतका राग आला म्हणून सांगू. काखेत कळसा नि गावाला वळसा. नंबर काय फोनमध्ये असतो? नंबर सिममध्ये. माझा जुना काळा-पांढरा फोन कपाटात धूळ खात पडला होता. मी तो पुसला, बाबांचं सिम त्यात घातलं, दोन मिनिटांत चारही काड्या उभ्या.

"हा घ्या. नऊला वाजेल. त्याला सरळ सांगा, तुझा फोन इथे चालत नाही."

"न्हाय," बाबा म्हणाले. "ते न्हाय सांगायचं."

नऊला तो वाजला. बाबांनी त्याचा आवाज आधीच माझ्याकडून पूर्ण वाढवून घेतला होता. आमच्या गावात ज्याने त्याने आयुष्य लूमच्या खटखटीत काढलेलं, सगळे मोठ्यानेच बोलतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाबांनी फोन उजव्या कानात घुसवल्यासारखा दाबला आणि गावभर ऐकू जाईल असं म्हणाले, हां, बोल. भावाचा आवाज मला दारातसुद्धा ऐकू आला. चार वर्षांनंतरचा त्याचा पहिला प्रश्न होता, फोन कसा चालतोय?

बाबांनी समोर टेबलावर मुकाट पडलेल्या अमेरिकन फोनकडे पाहिलं आणि म्हणाले, "येक नंबर."

मग बराच वेळ दोघं फोनवरच बोलत राहिले, म्हणजे फोन या विषयावर. बटणं बोटाला बारीक पडतात का, चार्जिंग किती टिकतं, चार्जरची पिन इथल्या बोर्डात बसते का. बाबा धडधडीत थापा मारत होते आणि हसत होते. ज्यांना एकमेकांशी बोलायला विषय नव्हता त्यांना एक बंद पडलेला फोन मिळाला होता. मला रडूच आलं. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "सुटले बाय मी एकदाची." चार वर्षं तिने टपाल वाहिलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी नऊ. आणि तेव्हापासून ते नाटक. अमेरिकन फोन बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धा बाहेर डोकावणारा. खरा बोलणारा फोन लेंग्याच्या खिशात. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून बाबा रोज त्या मुक्या फोनला चार्जिंग करायचे. मी चिडवायचे, मेलेल्याला दूध पाजताय. ते म्हणायचे, असू दे. एक दिवस त्यांनी खिळा तापवून त्याच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन ठिपके पाडले. ही मिस्तरी लोकांची रीत. शेडमध्ये पाना, हातोडी कोण कधी उचलेल नेम नसतो, म्हणून प्रत्येकाची आपली खूण. बाबांची तीन ठिपके. आमच्या घरातल्या अडकित्त्यावरही आहेत.

रविवारच्या गप्पा हळूहळू फोनवरून बर्फावर आल्या, बर्फावरून आईच्या गुडघ्यावर, भावाच्या स्वयंपाकावर. लूमवर मात्र कधी आल्या नाहीत. तिथे आल्या की दोघंही वाट बदलायचे.

दोन वर्षांनी भाऊ पुन्हा यायचा झाला, तेव्हा बाबांची झोप उडाली. समोर आला आणि म्हणाला दाखवा लावून, तर? मी म्हटलं, केलंत तेव्हा मला विचारलं होतं का, निस्तरा आता. पण काळजी मलाही होतीच. बोलणं सुरू झालं होतं ते या एका थापेवर, आणि थाप उघडी पडली की पुन्हा आईमार्फत पाणी तापणार, ही भीती.

भाऊ आला. घरात आता 'बाबा, बसा' आणि 'येतो' एवढं थेट चालायचं. समोरासमोर दोघांची जीभ अजून अडखळायचीच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला मागच्या पडवीत नेलं आणि पिशवीतून एक फोन काढला. हुबेहूब तोच. तोच रंग, तीच बटणं.

"ताई, बाबांकडचा फोन इथे चालतच नाही. मला पहिल्याच महिन्यात कळलं. तिथल्या एका मित्राने सांगितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"ते म्हणाले, येक नंबर चालतोय. मी कसं म्हणू, नाही म्हणून?"

दोन वर्षं तो तेच मॉडेल शोधत होता, पण आपल्याकडच्या लहरींवर चालणारं. आता ते मिळालं होतं. म्हणाला, तू गुपचूप बदल, त्यांना कळायलाही नको. माझा पारा असा चढला. एकासाठी मी दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेले, आणि दुसऱ्याला सगळं ठाऊक. दोघांनी मिळून मला येडी केली. पण काय करणार, भाऊच तो. बाबा आंघोळीला गेल्यावर मी लेंग्याच्या खिशातल्या फोनमधून सिम काढलं, नव्या फोनमध्ये घातलं आणि शर्टातला मुका फोन काढून तिथे हा सारला.

बाबा आले. शर्ट घातला, खिसा चाचपला. मग फोन काढून नखाने त्याचं झाकण उघडलं.

"हा आपला न्हाय," ते म्हणाले. "ठिपके न्हायत."

मला खोटं रेटता येत नाही. सगळं सांगून टाकलं. बाबा खाटेवर बसले.

"म्हंजी त्याला ठाव व्हतं."

"दोन वर्षं."

"आन तरी दर रविवारी इचारायचा, फोन कसा चालतोय?"

"आणि तुम्ही सांगायचात, येक नंबर."

ते हसले. हसता हसता टॉवेलने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, साबण गेला डोळ्यात.

तेवढ्यात फोन वाजला. त्या फोनची घंटा आमच्या घराने पहिल्यांदाच ऐकली. भाऊ माझा फोन घेऊन अंगणात फाटकाशी उभा राहून, बदल नीट झाला का ते बघायला नंबर लावत होता. बाबांनी फोन उजव्या कानाला दाबला आणि ते दारात गेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मधे पंधरा पावलांचं अंगण. भाऊ फोन कानावरून काढायला लागला, तशी बाबांनी तळहात त्याच्याकडे करून दोनदा हलवला. शेडमध्ये आवाज पोचत नाही, तिथे हातानेच बोलतात. याचा अर्थ, चालू ठेव. लहानपणी शेडमध्ये डबा घेऊन जायचा, त्यामुळे भावाला कळलं. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐक," बाबा म्हणाले. "लूम मी तुझ्यावर रागावून इकले न्हाईत. माझे कान गेले. मशीन कुठं बिघडली ती आवाजावरनं कळते. ती मला कळंना झाली. मिस्तरीला ऐकू येत न्हाय, हे कुणाला सांगू? लाज वाटली."

भाऊ काही बोलला. मला ऐकू आलं नाही, बाबांना आलं.

"न्हाय रं," ते म्हणाले. "तवा त्या घरातल्या फोनवर तू काय इचारलंस, तेच मला ऐकू आलं न्हवतं."

मी भिंतीला टेकले. सहा वर्षं. सहा वर्षं आम्ही एका प्रश्नाचं न मिळालेलं उत्तर मनात घेऊन बसलो होतो, आणि तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही त्यांना मानी म्हटलं, हेकट म्हटलं. मी तर सगळ्यात जास्त म्हटलं. घरात टीव्ही गावभर ऐकू जाईल एवढा लावतात म्हणून त्यांच्यावर खेकसलेही होते.

दोघं तसेच उभे, कानाला फोन लावून, एकमेकांकडे बघत. रडत होते दोघंही. मला राहवलं नाही, मी दारातून ओरडले, की अंगणातल्या अंगणात कसले फोन, बंद करा आणि जवळ या. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. भाऊ फोन न ठेवता चालत चालत पायरीपर्यंत आला.

दुपारी बाबांनी पकडीत धरून गॅसवर खिळा तापवला. नव्या फोनचं झाकण भावाने पाटावर दाबून धरलं. दोन ठिपके बाबांनी पाडले आणि मग पकड त्याच्या हातात दिली. तिसरा ठिपका त्याचा. हा ठिपका जरा बाजूला सरकला, कडेपाशी गेला.

बाबांनी झाकण उजेडात धरून पाहिलं. "चालंल," म्हणाले, आणि फोन वरच्या खिशात ठेवला.