साउनातले वाघ

फ्रॉस्ट फँग्ज, म्हणजे बर्फाळ सुळे! हे म्हणे आमच्या आइस हॉकी संघाचं नवं नाव. उच्चारताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. इतकी वर्षं आम्ही 'तुक्की' होतो. तुक्की म्हणजे ओंडका. नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या आणि कागद गिरणीत राबणाऱ्या माणसांनी युद्धानंतर शाळेच्या मैदानावर नळीने पाणी मारलं, ते गोठलं आणि त्यावर हा संघ उभा राहिला. नडगीला पॅड कुठले? जुनी मासिकं बांधून खेळायचे. छातीवर कापडी बिल्ला आणि त्यावर ओंडके ओढायचा लोखंडी आकडा.

माझ्या बहिणीचा नवरा ओइवा त्याच बर्फावर लहानाचा मोठा झाला. खेळाडू म्हणून यथातथाच. बर्फावरची खेळाची चकती एकीकडे आणि हा दुसरीकडे. मग तो संघाचे कपडे धुऊ लागला, स्केट्सना धार लावू लागला आणि तिथेच म्हातारा झाला. गावाने फुकट राबून बर्फाचं बंदिस्त मैदान बांधलं, तेव्हा पुरुषांनी तुळया चढवल्या, आम्ही बायकांनी वाटाण्याचं सूप पोचवलं आणि ओइवाने मैदानामागच्या अंगणात साउना, म्हणजे वाफेची खोली, बांधला. दर गुरुवारी तो लाकडं घालून दगड तापवतो आणि संघाचे जुने सभासद उघडेबंब होऊन फळ्यांवर घाम गाळत बसतात. बिल्ले माझी बहीण हिल्क्का शिवायची. ती गेली, पण खेळाडूंच्या छातीवर तिचे टाके होते. संघाला एकदाच ब्राँझ मिळालं. त्या दिवशी ओइवाने घामट कपडे धुवायचे तसेच ठेवले, एवढाच त्याचा उत्सव.

तर हा संघ डबघाईला आला आणि एका कंपनीने तो घ्यायचं ठरवलं. हेलसिंकीहून कास्पर नावाचा टोकदार बुटांचा संचालक आला. त्याची अट एकच होती, नाव आणि बिल्ला बदलायचा. त्याला सभासदांची मंजुरी हवी होती.

सभेच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. मी तिथे कॉफी विकते, माझी खिडकी साउनाला चिकटून आहे, आतलं सगळं ऐकू येतं. तौनो नावाचा निवृत्त ट्रकवाला सगळ्यात वरच्या फळीवरून गरजत होता, "माझ्या मढ्यावरून जावं लागेल त्या कास्परला! ओंडका तो ओंडकाच!" बाकीचे फळ्या बडवत होते. ओइवा लालबुंद होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ठरलं, लेंपी. नाव बदलू द्यायचं नाही."

"भाऊजी, हे उद्या सभेत बोला. वाफेला मत नसतं."

"अगं, सगळ्यांचं एकमत झालंय. तेच ते परत काय बोलायचं?"

ही आमच्या पुरुषांची रीत. साउनात ठरलं म्हणजे जगात ठरलं. चारचौघांत उठून बोलणारा तो दिखाऊ, असं आईच्या दुधाबरोबर पाजलेलं.

सभेला मी कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन गेले. कास्परने ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाचा विरोध?"

सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. तौनो कपात बघत होता, ओइवा तौनोकडे. कास्पर घाई करत नव्हता हो, तो चक्क थांबला! मला त्याची किळस येते, पण त्या क्षणी त्या बसलेल्यांची जास्त आली. शेवटी मीच ओरडले, "अहो, कुणीतरी तोंड उघडा!"

कास्पर गोड हसला. "मावशी, आपण सभासद आहात?"

"नाही."

"मग कॉफी छान झालीय. ठराव एकमताने मंजूर." आणि हातोडी आपटली.

नंतर पोत्यात भरून नवे बिल्ले आले, त्यांवर दात विचकलेला लांडगा. मी धुण्याच्या खोलीत गेले तर ओइवा चष्मा लावून जुने बिल्ले उसवत बसला होता. हिल्क्काचे टाके, एकेक करून.

"भाऊजी, हात कसे धजतात तुमचे?"

"दुसऱ्या कुणी केलं तर कापड फाटेल गं."

बायकोचे टाके उसवतोय आणि काळजी कापडाची! मला शिसारी आली. मी दार आपटून निघून आले, ते त्याला ऐकू गेलं असावं.

पुढच्या गुरुवारी साउनात पुन्हा गर्जना सुरू झाल्या. बैल गेला आणि झोपा केला. "विरोध करायला हवा होता!" "तो कास्पर म्हणजे चोर आहे चोर!" तौनोचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर. आणि एकदम फस्स करून मोठा आवाज झाला. दार उघडलं, राख आणि धूर बाहेर आला आणि त्यामागून टॉवेल गुंडाळलेले म्हातारे खोकत अंगणात धावले. शेवटी ओइवा आला, हातात रिकामी बादली. त्याने चुलीतला विस्तव विझवला होता.

"तुमच्यासारखाच मीही गप्प बसलो होतो," तो म्हणाला. "आता पुरे. समोर कास्परच्या ऑफिसात दिवा आहे. आत जे बोललात ते त्याला सांगायचं. चला."

तो बर्फातून अनवाणी निघाला. अंगातून वाफ निघत होती. ऑफिसच्या दारावर त्याने मूठ आपटली. कास्परने दार उघडलं आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ओइवाकाका, काय हवंय?"

"तुक्की हवंय," ओइवा म्हणाला. अंगणभर ऐकू गेलं. उभ्या जन्मात तो इतक्या मोठ्याने बोलला नव्हता. "आमचं नाव परत द्या. आमच्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे."

"सगळ्यांचं?" कास्परने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

ओइवा वळला. मागे त्याच्या एकट्याच्याच पावलांच्या खुणा होत्या. बाकीचे माझ्या खिडकीपाशी गर्दी करून उभे होते, बर्फाकडे बघत.

"लेंपी," तौनो हळूच म्हणाला, "कॉफी ओत गं. गारठलो."

किटली काठोकाठ भरलेली होती, नुकतीच उकळलेली. मी ती उचलली आणि त्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत, बर्फात ओतली.