उस्तिन्याने आणलेलं गाव

येव्सेई लुकिचला झारच्या सैन्यात धरून नेलं तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. बायको उस्तिन्या गाडीमागून धावत सुरा नदीच्या उतारापर्यंत आली आणि तिथे दम लागून थांबली. त्यानंतर वीस वर्षं त्याने तिला पाहिलं नाही.

मध्य आशियातल्या एका किल्ल्यावर मांडीत भाला घुसला आणि त्याची शिपाईगिरी संपली. सरकारने इसिक-कुल तळ्याकाठी जमीन दिली. समोर पाणी, मागे बर्फाचे डोंगर. जमीन काळी, सुपीक. गहू छान यायचा. पण नांगर धरला की त्याला आपल्या व्याझोवका गावातलं शेत दिसायचं आणि तास वाकडं जायचं.

शेजारी काल्दीबाय नावाचा किरगिझ मेंढपाळ होता. बोलता बोलता कळलं, तोही त्याच किल्ल्यावर होता, खानाच्या बाजूने.

"म्हणजे हा भाला तुझाच की काय?" येव्सेईने विचारलं.

"छे हो, आके! माझ्याकडे नुसता ढोल होता. तुम्ही भिंतीवर चढलात आणि मी तो टाकून पळालो."

तिथून दोघांची गट्टी जमली; काल्दीबाय त्याला 'आके', म्हणजे दादा, म्हणायचा. त्याच्याच आग्रहाने येव्सेईने कारकुनाकडून गावी पत्र लिहवून घेतलं. दीड वर्षाने दोन ओळींचं उत्तर आलं: 'येते. पण म्हातारी झालेय, हे आधीच सांगून ठेवते.'

त्याने घर बांधलं, चूल सारवली. पुढच्या शरदात वसाहतवाल्यांचा तांडा आला. एका गाडीतून डोक्याला रुमाल बांधलेली बाई उतरली आणि त्यालाच विचारू लागली, "बाबा, येव्सेई लुकिचचं घर कुठलं हो?"

तो पाय ओढत दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"आके, बोला की!" काल्दीबाय ओरडला. "किल्ल्यावर चढताना तर केवढे गर्जत होतात!"

उस्तिन्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "पाय कधीपासून ओढतोस रे?"

त्या दिवसापासून संध्याकाळी चहा झाला की तो गावाबद्दल विचारायचा आणि ती सांगायची. तुझी आई झोपेतच गेली, त्रास नाही झाला. घराच्या खिडक्या अजून निळ्या आहेत. कुंपणाशी तू लावलेलं बर्चचं झाड आता छपराच्या वर गेलंय. येव्सेई डोळे मिटून ऐकायचा.

वसंतात व्याझोवकाच्याच जिल्ह्यातला अवेर्यान नावाचा माणूस वस्तीला आला. विहिरीवर सहज बोलून गेला, "व्याझोवका? ते जळून आठ वर्षं झाली की! एक घर उरलं नाही. तुमची बायको तेव्हापासून पलीकडच्या गावात पाद्र्याकडे भांडी घासायची."

येव्सेईने बादली भरली, तशीच ओतून टाकली, पुन्हा भरली. घरी आला तेव्हा उस्तिन्या पीठ मळत होती. कोपरापर्यंत पांढरे झालेले तिचे हात तो बघत बसला.

संध्याकाळी तिने चहा ओतला.

"आज काही विचारत नाहीस?" ती म्हणाली. "तो अवेर्यान भेटला होता म्हणे विहिरीवर."

"भेटला होता."

तिने मान खाली घातली. चहा निवून गेला. मग येव्सेई म्हणाला, "व्याझोवकात नदीवर आज धुणं घेऊन कोण कोण आलं होतं?"

उस्तिन्याने मान वर केली. मग रुमालाच्या टोकाने नाक पुसून ती म्हणाली, "शेजारची फेक्ला आली होती. आणि तिची ती भांडकुदळ जाऊ."

"अजून भांडते?"

"आता तर जास्तच!"

अशी अकरा वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि पाच दिवसांत उस्तिन्या गेली. काल्दीबायने गोठलेली जमीन खणायला मदत केली. नंतर रोज संध्याकाळी तो येऊन बसू लागला.

एकदा येव्सेई आपणहून म्हणाला, "आमच्याकडे नदीच्या उतारावर आता बर्फ असेल."

काल्दीबायने त्याच्या कपात चहा ओतला. "मग पोरं घसरत असतील, आके?"

"घसरतात ना," येव्सेई म्हणाला, आणि कोणाकोणाची पोरं ते सांगू लागला.