झाकणानं काढलेलं वर्तुळ

ये बाई, अशी जवळ बस. वाशिमच्या होस्टेलात असलीस तरी हे वाचताना माझ्या शेजारी बसल्यासारखी बस. काल फोनवर म्हणालीस, "आजी, वर्तुळाचा धडा मी सोडूनच देते." काहून सोडतं वं? त्याच धड्यानं तुझ्या आईची दहावी काढली, आणि त्यात तुझाही हात होता.

तुझी आई या घरात आली तेव्हा तिचं दहावीचं गणित राहिलेलं होतं. तू तीन-चार वर्षांची असताना गावच्या अंगणवाडीत जागा निघणार असं कानावर आलं. दहावी पास पाहिजे होती. ती पुन्हा परीक्षेला बसली.

आपला भाजीचा मळा. संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि सकाळी जीपनं शेलूबाजारला न्यायच्या. जुड्या बांधता बांधताच तिची उजळणी चाले. पुस्तक माझ्या मांडीवर. मी शाळेत गेले नाही, वाचायला शिकले ती रद्दीच्या पेपरावर. गणित कळत नसे, म्हणून शब्दाला शब्द लावून पाहायची.

"केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो," ती म्हणे.

"टाकलेला नाही, काढलेला हाये."

"आत्याबाई, तुमी मास्तरीण असत्या तर मी चवथीतच घरी बसली असती."

गुणधर्म सगळे पाठ. पण आकृती समोर आली की हात थांबायचा. कोणता कुठे लावायचा, तेच उमगत नसे. घोकण्यावरच गाडी चालली होती.

पेपर परवावर आला आणि नेमका कंपास गायब. घर उलटंपालटं केलं. तुला विचारलं तर तू नुसती हसायचीस. आई रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "रडतं काहून? वर्तुळच पाहिजे ना तुले?" बेसनाच्या डब्याचं झाकण कागदावर ठेवलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. काय गरगरीत आलं! माझी भाकर कधी इतकी गोल झाली नाही.

तिनं ते निरखून पाहिलं. "याचं केंद्र कुठे हाये?"

"असंल मधात."

"मधात म्हणजे कुठे? त्रिज्या कुठून काढू मी?"

मी अंदाजानं एक टिंब दिलं. तिनं पट्टी लावली; एकीकडे जास्त, एकीकडे कमी. मग दुसरं दिलं, मग तिसरं. वर्तुळाला कांजण्या निघाल्यासारखं दिसू लागलं. आम्ही दोघी हसून हसून मेथीवर कलंडलो.

हसता हसता तिनं कागद पुन्हा जवळ ओढला. "अर्धवर्तुळातला कोन..."

"काटकोन असतो," मी सवयीनं म्हटलं.

"मंग काटकोनासमोर व्यासच असंल ना?"

तिनं कोनाड्यातली एक लग्नपत्रिका काढली. तिचा कोपरा वर्तुळाच्या रेघेला टेकवला, दोन्ही कडा जिथे वर्तुळाला भेटल्या तिथे खुणा केल्या आणि त्या जोडल्या. पत्रिका फिरवून पुन्हा तसंच केलं. दोन रेघा एकमेकींना कापत होत्या तिथे पट्टी लावली. सगळीकडून सारखं.

"आत्याबाई, हे कामाले येतं," ती हळूच म्हणाली. जसं काही पायलीभर सोनं सापडलं. मग पुस्तक माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि एकामागून एक उदाहरणं सोडवत सुटली. उरलेल्या जुड्या मी एकटीनं बांधल्या, पण तक्रार नव्हती.

सकाळी बाजारात एक गिऱ्हाईक वांगी निवडत होतं. एक वांगं वर धरून म्हणे, "आजी, हे वांग्यासंग फुकट हाये का?" वांग्यात कंपास रुतलेला, पेन्सिलीसकट. तुझा हात म्हणाले तो हाच. घरी येईपर्यंत जीपमध्ये तो मी पदरात घट्ट धरून ठेवला.

पेपर मंगरूळपीरला होता. शाळेच्या फाटकातून ती दुरूनच हात हलवत आली, तेव्हाच मला कळलं. मार्क काठावरचेच पडले, पण पास झाली. आज ती अंगणवाडीत पोरांना गोल करून बसवते आणि स्वतः मधोमध उभी राहते. मी कधी डोकावले की मला त्या झाकणाचं हसू येतं.

तर धडा सोडू नको, माय. येत्या रविवारी सकाळच्या बसनं ये. गुणधर्म तू म्हण, मी पुस्तक धरते. अजूनही शब्द चुकला की टोकणार. कंपास मुद्दाम होस्टेलात ठेवून ये, झाकण अजून त्याच डब्यावर आहे. वांगीही तोडायला आलीत, भरीत करू. पण लवकर ये.