लाँड्रीतला ड्रमर

ऐंशीच्या दशकात मी जर्सी सिटीत शिकत होतो. आमच्या गल्लीतली लाँड्री एक उंच, अबोल अमेरिकन चालवायचा. टॉवेलांच्या घड्या घालता घालता त्याची बोटं टेबलावर ठेका धरायची. साठच्या दशकात तो गावातल्याच पॉप बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यांची एक रेकॉर्ड उन्हाळाभर लोकल रेडिओवर गाजली. मग बँडमधल्या दोघांना व्हिएतनामच्या युद्धावर जावं लागलं आणि बँड मोडला.

शेजारी तक्रार करतात म्हणून माझा तबला पलंगाखाली पडून आहे, असं मी एकदा बोललो.

"इथे घेऊन ये," तो म्हणाला. "मशिनांच्या आवाजात कोण तक्रार करणार? बँड मोडला आणि मी वाजवणंच सोडलं. तू सोडू नकोस."

पुढे दर रविवारी मी तिथेच रियाज केला. आज माझा हात चालतो, तो त्याच्यामुळे.