मुठीएवढं अंतर

आज दुपारी टीव्हीखालचं गेमचं मशीन पुसायला काढलं आणि चालतंय का बघावं म्हणून वायर लावली. जरा वेळानं त्याच्या जाळीतून तापलेल्या धुळीचा वास आला. बऱ्याच दिवसांनी इस्त्री गरम केली की येतो ना, तसाच, पण थोडा गोडसर. त्या वासासरशी तो अख्खा महिना परत घरात येऊन बसला आणि माझ्या कपाळाला आपोआप आठी पडली.

हे मशीन रावेतच्या बहिणीकडून आलं. त्यांनी नवं घेतलं, जुनं माझ्या लेकीला दिलं. सोबत एकच गेम होता, गाड्यांच्या शर्यतीचा. समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, नारळाची झाडं, आणि कितीही आपटली तरी न मोडणारी गाडी. भिंतीला घासली की ठिणग्या उडतात आणि गाडी आपली पुन्हा पळायला लागते. लेक थोडे दिवस खेळली, मग अभ्यासाला लागली. त्यावर यांचं मन जाईल असं मला वाटलं नव्हतं, कारण हे चाकणच्या कंपनीत दिवसभर गाड्याच चालवतात. नव्याकोऱ्या, सीटवर प्लास्टिक असलेल्या. तयार झालेली गाडी यार्डात नेऊन रांगेत लावायची, चालत मागं यायचं, दुसरी घ्यायची. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. सुरू करण्याआधी गाडीभोवती पायी एक फेरी मारायची, आणि रांगेत पुढच्या गाडीच्या मागं मुठीएवढं अंतर ठेवून थांबायचं. पाहुण्याला वेशीपर्यंत सोडून माघारी फिरावं, तशी यांची आणि त्या गाड्यांची सोबत. पुढं कुठली गाडी कुठल्या गावाला गेली, यांना कधीच कळत नाही.

एके दिवशी यांची गाडी पुढच्या गाडीच्या बंपरला टेकली. ओरखडा नखाएवढा होता, पण यार्डात गाडी चालवायचा पास काढून घेतला. महिनाभर फडक्यानं गाड्या पुसायच्या आणि मग पुन्हा टेस्ट द्यायची. नापास झालं तर पुसण्यावरच ठेवणार की घरी पाठवणार, कुणी धड सांगत नव्हतं. हे घरी आले, जेवले, आणि म्हणाले, "पुढचा अचानक थांबला." एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर गेम सुरू.

मला आधी बरं वाटलं, माणूस मन रमवतोय. पण यांनी त्या शर्यतीत यार्ड मांडलं होतं. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जायच्या आणि हे बैलगाडीच्या चालीनं कडेकडेनं सरकायचे. प्रत्येक शर्यतीआधी उठून खुर्चीभोवती एक फेरी. लेक हसून लोटपोट. "पप्पा, टायर बघितले का?" म्हणायची. हे म्हणायचे, "हास की. सवय मोडली तर तिथं कोण हसणार न्हाई."

मग यांना कळलं की समोर उभी गाडी असल्याशिवाय सराव होत नाही. दोघांनी खेळायचं असेल तर पडद्याचे दोन भाग होतात, वरती एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. लेकीचा क्लास असायचा. म्हणून दुसरा रिमोट माझ्या हातात आला.

"मला नाही येत हो."

"येत न्हाई म्हणूनच तुला दिलाय. कुठलंच बटण दाबायचं न्हाई. नुसती उभी राहा."

आणि मी उभी राहिले. कुकर लावायचा खोळंबलेला, भाजी निवडायची तशीच, आणि मी एका लाल गाडीत नारळाखाली उभी. हे मागून हळूहळू यायचे, मुठीएवढ्या अंतरावर थांबायचे, मागं जायचे, पुन्हा यायचे. बाकीच्या गाड्या एक फेरा मारून आमच्या बाजूनं सणसणत जायच्या, एखादी धक्काही द्यायची. शेवटी हे मला ओलांडून कडेकडेनं फेरा पुरा करायचे आणि पडद्यावर नंबर यायचे. हे सातवे, मी आठवी. रोज आठवी. हसण्यासारखीच गोष्ट, पण मला ती टोचायची. चौथीपर्यंतच्या शाळेत माझा नंबर कधी तिसऱ्याच्या खाली गेला नव्हता. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून घरी बसले. त्याबद्दल मी कधी कुणाला काही बोलले नाही, बोलायचा स्वभावच नाही. पण तो आठ आकडा बघितला की वाटायचं, इथंसुद्धा मला उभंच केलं.

टेस्टच्या दोन दिवस आधी माझा संयम संपला. हे मागून येऊन थांबले, "बघ, बरोबर मूठ," म्हणाले, आणि मी बटण दाबलं. पुढं जायचं होतं, पण दाबलं चुकीचं. माझी गाडी सरळ मागं येऊन यांच्यावर आदळली. यांची गाडी उडून वाळूत पडली.

"अगं, अगं, उभी राहा म्हटलं होतं ना?"

"राहिले की पंधरा दिवस," मी म्हटलं, आणि दुसरं बटण दाबलं.

काय सांगू, ती गाडी काय पळाली. भिंतींना घासत, ठिणग्या उडवत, पुलावरून, बोगद्यातून. एकदा समुद्रात पडले, मशीननं उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवलं. हे बाजूला रिमोट मांडीवर टाकून बघत बसले होते. माझा नंबर सातवा आला, यांचा आठवा. त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या रागापायी यांचा पास गेला तर, हेच डोक्यात.

टेस्ट झाली. हे घरी आले, चहा घेतला आणि कपाकडं बघत म्हणाले, "पुढची गाडी मुद्दाम मागं आणली टेस्ट घेणाऱ्यांनी. मी लांबच थांबलो होतो. तू अंगावर आली होतीस ते आठवलं." पास परत मिळाला. कंपनीत मात्र यांनी गेमवर सराव केला असंच सांगितलं. माझं नाव कुठंच नाही. ते मला आजही खटकतं.

आता नव्या गाड्यांना मागं-पुढं कॅमेरे आले आहेत. अंतर कमी झालं की गाडीच ओरडते. मूठ धरून बघायची कुणाला गरज उरली नाही, असं हेच सांगतात. लेक नोकरीसाठी लांब गेली, दुसरा रिमोट कधीचा बंद पडला. त्या महिन्यातलं राहिलं आहे ते आमच्या दाराशी. हे कामावरून आले की दोघांच्या चपला सरळ लावतात, यांच्या मागं, माझ्या पुढं, मधे बरोबर मुठीएवढं अंतर. मी पाणी भरायला जाता-येता माझ्या चपला पायानं थोड्या पुढं सरकवते. जरा वेळानं बघावं तर यांच्या तेवढ्याच पुढं आलेल्या असतात.