मामांच्या वाट्याचा देश

जगातल्या कुठल्याही देशानं आमच्या मामांना न विचारता काही केलं, की त्यांना भावकीतल्या लग्नाचं आवतण चुकल्यासारखं लागायचं. मामा सोनपेठला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, बिऱ्हाडही तिथंच मागच्या खोलीत. बैलाच्या खुराला औषध लावता लावता ते त्याच्या मालकाला सुएझचा कालवा समजावून सांगत, आणि बैल मोकळा झाला तरी मालक मोकळा होत नसे. आठवड्याचा बाजार उठला की दवाखान्याच्या ओट्यावर आमचं परराष्ट्र मंडळ बसायचं. भिंतीवर निजामाच्या काळातला शाळेचा नकाशा होता, तोही उर्दू. तो वाचता येणारे एकटे मामाच, त्यामुळे कुठला देश कुठं आहे हे त्यांच्या शब्दावर मानून घ्यावं लागे.

मंडळाचा रिवाज असा, की पाडव्याला चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानं एक देश घ्यायचा आणि वर्षभर त्याच्या बाजूनं बोलायचं. पण आधी त्या देशातल्या एखाद्या घराची अडचण सांगायची. ती सांगितल्याशिवाय मामा कुणाला राजकारणावर येऊच देत नसत. "घर ठाव न्हाई अन् देशाचं बोलायलाय," म्हणून खाली बसवत. रशिया मळ्यातल्या आबांकडे होता, भर बाजारात मामा त्यांना "काय रशिया, ज्वारी कशी हाय?" असं विचारीत आणि आबाही रशियाला शोभेल अशा गांभीर्यानं उत्तर देत. मी शाळामास्तर, अक्षर बरं म्हणून जपानबरोबर बैठकीची वहीही माझ्याच गळ्यात पडली. पाकिस्तानची चिठ्ठी ज्याला निघे त्याचं मात्र नेमकं तेव्हाच पोट दुखू लागे. मग मामा ती मुकाट्यानं स्वतःच्या खिशात घालत.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई लागली. मामांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता, सरहद्दीवर. त्याची पत्रं बंद झाली. मामी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. त्या आठवड्यात बैठक होणार नाही असंच आम्ही धरलं होतं, पण मामांनी नेहमीसारखा ओटा झाडून ठेवला होता. आबा हळूच म्हणाले, की आता पाकिस्तानचं कुणी बोलू नये, तुम्ही तर नाहीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली; खरं सांगायचं तर मला मामांचा रागच आला होता.

मामांनी चष्मा पुसला. "चिठ्ठी माझ्याकडं हाय. घरची अडचण सांगतो. आमच्या इकडं एक बाई हाय. तिचं लेकरू लढाईवर गेलंय. त्याचं पत्र यीना झालंय, अन् ती जेवना झालीय."

राजकारणावर ते आलेच नाहीत. दाराआड मामी उभ्या होत्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वहीत मी तेवढीच वाक्यं उतरवली आणि बैठक उठली.

लढाई थांबल्यावर महिन्याभरानं मुलाचं पत्र आलं. पायाला गोळी लागली होती, पण जीव शाबूत होता. मामींनी ओट्यावर पेढे वाटले. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की मला तोच दिवस दिसतो. सगळ्यांचे पेढे संपले तरी मामांचा हातातच होता. मी म्हटलं, मामा, खा की.

"खातो रे," ते नकाशाकडे बघत म्हणाले. "पर तिकडच्या बाईला पत्र आलं का न्हाई, ते कुनाला इचारावं?"