हातान नाय देत, बाय!

हसुराममामा मीठ कुणाच्याही हातात देत नसत. मीठ हातात दिलं की भांडण होतं, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत मानतात, त्यात नवल नाही. पण मामा होते आमच्या ठाण्यातल्या मुलींच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे सहायक, आणि आमच्याकडच्या बाटल्यांत असायचं स्ट्रॉन्शियम नायट्रेट नाहीतर कॉपर सल्फेट. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी स्ट्रॉन्शियमच्या बाटलीसाठी हात पुढे केला, तर या गृहस्थांनी ती माझ्या हाताला वळसा घालून टेबलावर ठेवली. मी डोंबिवलीची, पंचवीस वर्षांची, एम.एस्सी.चं सर्टिफिकेट अजून गरम. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी अपमान!

"हातान नाय देत, बाय," मामा म्हणाले.

"अहो, हे खायचं मीठ थोडंच आहे?"

"केमिस्ट्रीवाले काय सांगतान? सगली मिठाच. मंग भांडन पन सगल्यांनीच होनार ना?"

मी गुपचूप टेबलावरून बाटली उचलली आणि पुढची सात वर्षं टेबलावरूनच उचलत राहिले. आमचं एकदाही भांडण झालं नाही, हेही सांगून टाकते.

मामा बाळकुमचे. घरची मिठागरं होती खाडीकाठी. आजोबा, वडील, लहानपणी हे स्वतःसुद्धा गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढायचे. मग मिठागरं गेली, टॉवर आले, आणि मामा चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. खरं तर नोकरीची गरज उरली नव्हती. "घरी बसून काय करू? लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली आली, येवराच बगू?" असं म्हणत ते रोज सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये हजर. त्यांच्या बोलीत आमच्या ळचा ल व्हायचा आणि डचा र, आणि पोरींना आठवडाभरात त्याची इतकी सवय व्हायची, की व्हायव्हात एखादी "पिवला" म्हणून मोकळी व्हायची.

लॅबच्या भिंतीवर एक लांबलचक तक्ता होता. एका टोकाला रेडिओलहरी, दुसऱ्या टोकाला गॅमा किरण, आणि मधोमध बोटभर रंगीत पट्टी, म्हणजे आपल्याला दिसतो तेवढा प्रकाश. मी नव्या वर्गाला पाऊण तास ते समजावायचे, तरंगलांबी अशी, वारंवारता तशी. पोरी जांभया द्यायच्या. मग मामा फडकं खांद्यावर टाकून पुढे यायचे. "दिसनारा उजेर म्हंजे नुसता काठ. लुगरा बग केवरा!" संपलं! नऊवारीच्या काठाएवढं आपल्याला दिसतं आणि बाकी अख्खं लुगडं दिसत नाही, हे पोरी जन्मात विसरायच्या नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले? स्टाफरूममधल्या एसीचा रिमोट त्यांच्या खिशात असायचा. (स्टाफरूममध्ये घामाघूम प्राध्यापक रिमोट शोधत फिरतायत, आणि हा माणूस खाली विज्ञानप्रसार करतोय!) कुणाचा तरी मोबाइल घ्यायचा, कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्यांना काही नाही, पण पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुक! "डोल्याला दिसत नाय म्हनून नाय असा नाय," मामा म्हणायचे, आणि पोरी किंचाळायच्या.

पण त्यांची खरी करामत मी पाहिली ती प्राजक्ताच्या वेळी. प्राजक्ता शहाडहून यायची, अभ्यासू पण भित्री. ज्योतीत चिमूटभर पूड टाकली की रंग का येतो, आणि प्रत्येकीचा वेगळा का, हे तिला काही केल्या कळेना. मी फळ्यावर इलेक्ट्रॉन काढले, पातळ्या काढल्या, बाण काढले. तिच्या डोळ्यांत पाणी. मामांनी तिला स्टुलावर बसवलं.

"बग, आमचे मिठागरान बांध होतं. उन तापला की आमी पोरा मस्तीला यायची नी बांधावर जायची. पन वर किती वेल रानार? धप्पकन खाली उरी! उरी मारली की पानी उरतंय ना? त्या उरालेल्या पान्याला तू उजेर म्हन."

"म्हणजे बांधावरून उडी मारणारी मी इलेक्ट्रॉन?"

"तू नाय गो, मी! नी मिठाचा बांध येवराच, म्हनून त्याची उरी पिवली. तांब्याचे बांध येगले, त्याची उरी हिरवी. दुसऱ्याचे बांधावरशी कोन उरी मारनार नाय."

प्राजक्ता फिसकन हसली आणि तिला सगळं कळलं. मी मात्र माझे बाण पुसून टाकले, आणि तेव्हापासून आजतागायत बांधच शिकवते.

आता मुख्य गोष्ट. मी होते तात्पुरती. दर जूनमध्ये नवं पत्र, दर एप्रिलमध्ये नोकरीच्या जाहिराती चाळायच्या. चौथ्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "यंदा जागा कायम होतेय. प्रॅक्टिकल परीक्षेचा अहवाल चांगला आला, तर तुमचं नाव पुढे करतो." परीक्षक म्हणून येणार होत्या कल्याणच्या देवधरबाई. त्यांची ख्याती अशी, की त्यांच्यापुढे उपकरणंसुद्धा बरोबर रीडिंग देतात.

परीक्षेच्या सकाळी मी एकच स्पेक्ट्रोमीटर तिसऱ्यांदा पुसत होते. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून पुडी काढली. मीठ-मोहरी!

"मामा, अहो, ही प्रयोगशाळा आहे."

"म्हनून तं! हितं तुझ्यावर किती जनांची नजर. उभी रा."

आणि मी उभी राहिले, डोळे मिटून, एम.एस्सी. फर्स्ट क्लास! मामांनी मूठ तीनदा ओवाळली, आल्या-गेल्याची, भुता-खेताची पुटपुटले. दृष्ट काढली की मीठ-मोहरी चुलीत टाकतात. लॅबमध्ये चूल कुठली? मामांनी परीक्षेसाठी मांडलेले पाचही बर्नर पेटवले आणि सगळ्यांना सारखा प्रसाद वाटला. मोहरी तडतडली. ज्योती पिवळ्याधमक झाल्या. "बग, किती लागली होती!" मामा समाधानाने म्हणाले, आणि मला खरंच हलकं वाटलं. मीठ ज्योतीत टाकलं तर काय होतं, हे मी त्या वर्षी साठ मुलींना शिकवलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असेल तर शपथ.

अकरा वाजता परीक्षा सुरू. पाच टेबलं, पाच निनावी पुड्या. ज्योतीत पूड धरायची, स्पेक्ट्रोमीटरमधून रेघा बघायच्या आणि धातू ओळखायचा. पहिलीने लिहिलं सोडियम. दुसरीने सोडियम. तिसरीनेही सोडियम. देवधरबाईंचा चष्मा नाकावरून खाली सरकत चालला होता. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, बर्नर बंद करून गार होऊ दिला, त्याच्या तोंडात बोट फिरवलं, आणि बोटाला चिकटलेला काळा दाणा माझ्यासमोर धरला.

"ही मोहरी आहे?"

माझी नोकरी त्या दाण्याएवढी झाली होती. मामा फडकं चुरगळत पुढे आले.

"मी टाकलीय, बाय. बर्नर माझ्या ताब्यान असतान. त्या मॅडमला काय म्हायती नाय."

सगळा दोष हा माणूस स्वतःवर घेत होता, निवृत्तीला जेमतेम तीन वर्षं राहिलेली असताना. मला इतकी लाज वाटली, की बोलल्याशिवाय राहवेना. "माहीत होतं, मॅडम," मी म्हटलं. "दृष्ट माझीच काढली. मी उभी होते."

देवधरबाई मोहरीकडे बघत राहिल्या. मग अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "मग? उतरली का?"

आधी एक पोरगी हसली, मग सगळ्याच. मी हसता हसता रडायला लागले. बर्नर बदलू का, असं मी विचारणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"बाय, बदलू नको. पोरींना सांग, पिवल्याकर बगू नका. तो मेला सगल्यान मोठा ओररतंय. त्याचे शेजारी बगा, जो हलू बोलतंय त्याच्याकर."

सगळ्यांत आधी प्राजक्ता वाकली. "पिवळी आहे..." ती म्हणाली. "आणि लाल! लाल रेघा आहेत! आणि अगं बाई, तिकडे लांब एक निळी!" स्ट्रॉन्शियम! मग दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी हिरव्या पट्ट्यांसाठी ओरडलं, आणि पाचही टेबलांवर परीक्षेऐवजी जत्रा सुरू झाली. देवधरबाईंनी अहवालात काय लिहिलं ते मला प्राचार्यांनी वाचून दाखवलं: इथल्या मुली अशुद्ध नमुन्यातूनही अचूक निरीक्षण करतात. मोहरीचा उल्लेख नव्हता.

जाताना बाईंनी उरलेल्या मीठ-मोहरीच्या पुडीसाठी हात पुढे केला. "नातीच्या मुलाखती आहेत हो."

मामांनी पुडी टेबलावर ठेवली. "हातान नाय देत, बाय. तुमच्याशी भांडन परवरनार नाय."

मी कायम झाले. तीन वर्षांनी मामा निवृत्त झाले. जाताना त्यांनी सोडियम क्लोराइडची बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवली, आणि तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं त्या बाटलीत त्यांच्या मिठागरातलं घरी राखून ठेवलेलं शेवटचं मीठ होतं. "इकतचा कशाला आनायचा?" म्हणाले. गेल्या वर्षी मामा वारले. बाळकुमला चौदाव्या मजल्यावर मी गेले होते. फोटोसमोर कुणीतरी एसीचा रिमोट ठेवला होता.

यंदा परीक्षेच्या सकाळी आमची नवी तात्पुरती मॅडम पुड्या तिसऱ्यांदा मोजत होती. ही नवी मॅडम म्हणजे प्राजक्ता. मी तिला कॉरिडॉरमध्ये उभी करून दृष्ट काढली, मीठ-मोहरी बेसिनमध्ये टाकली, वर पाणी सोडलं आणि दोघींनी साबणाने तीनदा हात धुतले. बर्नर तर आदल्या दिवशीच उकळून घेतले होते. तिने स्ट्रॉन्शियम ज्योतीत धरलं, डोळा लावला आणि कावरीबावरी होऊन वळली.

"मॅडम, पिवळी रेघ आहे! सगळं धुतलं होतं ना आपण?"

"धुतलं होतं गं," मी म्हटलं. मला हसू आलं. "मामा आलेत. ओरडू दे त्यांना. तू शेजारी बघ."